प्रतीला वास नाही

पुस्तक हातात आलं की लोक नाव बघतात, लेखक बघतात, काही जण थेट शेवटचं पान बघतात. कुंदाताई पुस्तक हुंगायच्या. आधी बाहेरून, मग मधोमध उघडून, आणि शेवटी शिवणीत नाक खुपसून, डोळे मिटून. मग चष्मा चढवायचा आणि कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करायचं: ‘वास: हिंगाचा. मागच्या पानांना लोणच्याच्या तेलाचा.’ मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना सर्दी झाली आहे आणि रुमाल सापडत नाहीये.

मी बोलणारा माणूस नाही. जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात मी इतकी वर्षं नोकरी केली ती मुख्यतः मान हलवून. पण कुंदाताईंबद्दल लिहायचं ठरवलं आहे, आणि ते स्वतःला वगळून लिहिता येणार नाही, कारण दोन-तीन ठिकाणी मी त्यांच्याशी बरा वागलेलो नाही. ते जिथं येईल तिथं सांगेन.

कुंदाताई रामटेके एका सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या आणि महिनाभर घरी बसून कंटाळल्यावर आमच्याकडे बिनपगारी कामाला आल्या. अधारतालहून ई-रिक्षानं यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्यात काय आहे हे कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मूळ पोळी. कालची नाही.”

त्याच सुमारास मंडळानं सगळी जुनी पुस्तकं स्कॅन करायला घेतली होती. आमचे कार्यवाह देशकर साहेब यांना वाचनालयाची खोली मोकळी हवी होती. वरचा हॉल लग्नाला जातो, पण पंगत बसवायला जागा नाही, ही त्यांची जुनी तळमळ. तेव्हा पुस्तकं जातील मोबाइलवर, पंगत बसेल खाली, आणि मूळ पुस्तकं जातील रद्दीच्या टेम्पोत, अशी योजना झाली. कमिटीनं मला विचारलं होतं, “सुधीर, प्रत मुळासारखीच असते ना?” मी मान हलवली. माझ्या आयुष्यात मी ज्या माना हलवल्या त्यातली ही सगळ्यात महाग.

स्कॅनिंग माझ्याकडे होतं आणि प्रत्येक पुस्तकाची कॉम्प्युटरवर नोंदही मीच करत होतो. नोंदीत रकाने असतात: नाव, निर्माता, दिनांक, माप, टीप. मी सरळ विचार केला. ही फाइल कोणी निर्माण केली? मी. कधी? आज. तसं लिहीत गेलो. काही आठवड्यांनी विजय नगरातल्या एका आजोबांचा फोन आला. “सुधीरभाऊ, बाळंतिणीच्या आहारावरचं तुमचं पुस्तक पाहिलं जी. इतका अभ्यास कधी केला?” मी शोधून पाहिलं. बाळंतिणीचा आहार, दशग्रंथी ब्राह्मणांची परंपरा, ऊसलागवड, तीन ऐतिहासिक नाटकं आणि एक आरतीसंग्रह, सगळं मी लिहिलेलं निघालं, आणि तेही एकाच पावसाळ्यात.

कुंदाताई कामावर आल्या त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हेच उघडलं.

“भैया, हे सगळं तू लिहिलं?”

“स्कॅन मी केलं ना, ताई.”

“अच्छा. लग्नाचे फोटो काढणारा नवरदेव होते का?”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि हे मला आजही त्यांच्याच शब्दांत आठवतं. मूळ पुस्तक ही एक वस्तू, त्याची प्रत ही दुसरी वस्तू. मूळ कागदाचं, कोणीतरी लिहिलेलं, कुठंतरी छापलेलं, त्याची उंची पट्टीनं मोजता येते. प्रत काल जन्मलेली, सुधीरच्या हातून, तिला उंची नाही, वजन नाही, ती मोजायची कॉम्प्युटरच्या मापानं. म्हणून नोंदी दोन करायच्या, आणि प्रतीच्या नोंदीत लिहायचं की ही अमक्या मुळाची प्रत. “मायलेकी सारख्या दिसतात म्हणून एका आधारकार्डावर दोघींना चालवते का कोणी?”

देशकर साहेबांना हे पटेना. त्यांना एका पुस्तकाची एकच नोंद पाहिजे होती. “साइज लिहून द्या ताई, विषय संपवा.”

“कोणाची साइज? पुस्तकाची का फाइलची?”

“काही पण लिहा ना.”

“साहेब, पोरीची उंची विचारली तर तिच्या फोटोची सांगून राहिले तुम्ही. अशानं स्थळ मोडते.”

साहेबांची धाकटी मुलगी तेव्हा लग्नाची होती. दोन नोंदींना परवानगी मिळाली. शिवाय एक नियम ठरला: दोन्ही नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय पुस्तक जागेवरून हलणार नाही. साहेबांनी होकार दिला, कारण त्यांना वासाचं माहीत नव्हतं.

वास जायचा टीप या रकान्यात. मुळाच्या नोंदीत वास, डाग, कोणी पेन्सिलीनं मारलेल्या रेघा, पानात राहिलेलं बसचं तिकीट, सगळं. एका नाटकाच्या पुस्तकाला तोंडाला लावायच्या पावडरीचा वास होता. गणपतीत कोणीतरी पडद्यामागं उभं राहून ते पाठ केलं असणार. कायद्याच्या एका जाड पुस्तकाला पेपरमिंटचा होता. “वकील भित्रा होता,” ताई म्हणाल्या, “कोर्टात जायच्या आधी गोळी चघळत होता.” आणि प्रतीच्या नोंदीत, प्रत्येक वेळी, न चुकता: ‘वास: नाही.’

“जे नाही ते काहून लिहून राहिल्या?” साहेबांनी एकदा विचारलं.

“नाही आहे म्हणून तर लिहायचं. उद्या कोणी म्हणते, प्रत आहे ना, सारखीच तर आहे. त्याला कळू दे काय गेलं ते.”

त्यांनी भांडण कधीच केलं नाही. टेम्पो येऊ नये असंही त्या म्हणाल्या नाहीत. जे जाणार आहे ते जाण्याआधी लिहून ठेवायचं, एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि त्यासाठी त्या रोज यायच्या. सणाला यायच्या, संपाला यायच्या. एकदा शहरात रिक्षा बंद होत्या तेव्हा भाजीच्या टेम्पोत बसून आल्या, आणि दिवसभर प्रत्येक पुस्तकाला कोथिंबिरीचा वास येतो म्हणून त्या दिवशी काम बंद ठेवलं. “आज माझ्या नाकावर भरोसा नाही,” म्हणाल्या, आणि डबा खाऊन परत गेल्या.

मूळ का प्रत, हा प्रश्न त्या पुस्तकांपुरता ठेवत नसत. देशकर साहेबांचं वार्षिक भाषण संपलं की टाळ्यांच्या आवाजात माझ्या कानाशी येऊन सांगायच्या, “प्रत. मूळ यांच्या सासऱ्यांचं. मी ऐकलेलं आहे.” ग्वारीघाटाच्या आरतीला सगळे हात वर करून मोबाइलमध्ये आरती भरून घेत होते, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, “अरे, नर्मदामाई इकडं आहे.” एकदा पुण्याहून एक पाहुणे व्याख्यानाला आले. ते चहाच्या वेळी गोड हसून म्हणाले, “तुमची इकडची मराठी जरा वेगळी वाटते हं.” आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडं मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून ही मान अशीच खाली जाते. कुंदाताईंनी मात्र बशीत चहा ओतत सांगितलं, “वेगळी आहे ना? म्हणजे प्रत नाही.”

कपाटं एकेक करून संपत होती. फक्त बालविभागाच्या कपाटाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. “ते मी शेवटी करीन,” म्हणायच्या. किल्ली त्यांच्या पिशवीत असायची.

मग ती साथ आली. वाचनालय बंद पडलं. ताई आजारी आहेत, इतकंच कळलं. मी फोन केला नाही. करावा असं रोज वाटायचं आणि काय बोलायचं ते सुचायचं नाही, म्हणून राहून गेलं. त्या एकट्या राहायच्या, हे मला माहीत होतं.

वाचनालय उघडल्यावर त्या आल्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण पिशवी तीच, डबा तोच. पहिलं पुस्तक उचललं, बाहेरून हुंगलं, मधून हुंगलं, शिवणीत नाक घातलं. डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. मग पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

“तू सांग.”

“मी?”

“मी किती दिवस पुरणार? शिकून घे.”

मला बरं वाटलं, आणि कटकटही वाटली. नाकाचं शिक्षण घेण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. शिवाय जुन्या पुस्तकांच्या धुळीनं मला शिंका येतात. मी पुस्तक तोंडापाशी न्यायचो, श्वास रोखायचो आणि मनात येईल ते सांगायचो. कापूर. सुपारी. ओला कागद. त्या टाइप करायच्या. पुढं पुढं मला त्यात मजा यायला लागली. एका भूमितीच्या पुस्तकाला मी मोगरा म्हणालो.

“भूमितीला मोगरा?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोण पोरगी होती बाप्पा.” आणि लिहिलं.

असं बरेच दिवस चाललं. मी त्याला खोटेपणा म्हणत नव्हतो, गंमत म्हणत होतो.

मग एका दुपारी मी कोपऱ्यातल्या शेगडीवर चहाचं दूध ठेवलं आणि आत स्कॅनरपाशी जाऊन विसरलो. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, पातेलं जळालं. वरच्या मजल्यावरून देशकर साहेब नाकाला रुमाल लावून धावत खाली आले. मीही पळत आलो. शेगडीपासून हातभर अंतरावर कुंदाताई शांत बसून टाइप करत होत्या.

“ताई, अहो दूध जळून राहिलं. वास नाही आला?”

त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “आला ना,” म्हणाल्या. “मी म्हटलं, सुधीरचा चहा असाच असते.”

साहेब हसले आणि खिडक्या उघडून वर गेले. मी पातेलं घेऊन तसाच उभा होतो.

“कधीपासून?” मी विचारलं.

“आजारात गेला. डॉक्टर म्हणे येईल परत. कधी ते त्याला नाही माहीत, मलाही नाही.” त्या बोटानं कळफलकावरची धूळ झटकत होत्या. “फोडणी कळत नाही, साबण कळत नाही. परवा रॉकेलच्या डब्यात चमचा घालून बसली होती मी. चलो, तो विषय नाही.”

मग मी सांगितलं. मोगरा सांगितला, कापूर, सुपारी, सगळं. कधी न बोलणारा माणूस बोलायला लागला की थांबत नाही. आजारात फोन केला नाही, तेही सांगून टाकलं. त्यांनी मला मधे थांबवलं नाही.

“झालं? आता इकडं ये. बघ.”

स्क्रीनवर भूमितीच्या पुस्तकाची नोंद होती. ‘वास: मोगरा, असे सुधीर सांगतो.’ त्यांनी मागच्या नोंदी दाखवल्या. कापूर, असे सुधीर सांगतो. सुपारी, असे सुधीर सांगतो.

“माझं नाक गेलं रे, डोकं नाही गेलं. पुस्तकाला मोगरा होता का नव्हता, मला माहीत नाही. तू सांगितलं, हे खरं आहे. नोंदीत खोटं कुठं आहे?”

त्या म्हणाल्या, “आता ऐक. बाकीचं राहू दे. मला एकाच पुस्तकाचा वास लिहायचा आहे. तो कुणाच्या सांगण्यावरून नाही लिहायचा, खरा लिहायचा आहे, आणि त्याला तुझं नाक पाहिजे. त्याच्यात गंमत करू नको.”

“कोणतं पुस्तक?”

“बालविभागातलं. मी शेवटी ठेवलं होतं. ताटात जिलेबी शेवटी ठेवतो ना आपण, तसं.” आणि म्हणाल्या, “आधी खायला पाहिजे होती.”

त्या दिवसापासून मी खरोखर हुंगायला लागलो. रोज दहा-पाच शिंका दिल्या, पण हळूहळू कळायला लागलं. डांबरगोळीच्या खाली चंदन असतं. भिंतीच्या ओलीचा वास पानाच्या कडेला असतो, माणसाचा वास शिवणीत राहतो. मला या कामाचं कुतूहल वाटायला लागलं याचंच मला नवल वाटलं. खोट्या नोंदींपैकी जी पुस्तकं अजून गेली नव्हती ती मी परत काढली. भूमितीच्या पुस्तकाला गोंदाचा वास निघाला. बरीचशी पुस्तकं मात्र टेम्पोत गेली होती. त्यांच्या नोंदी मी सांगितल्या तशाच राहिल्या आहेत.

बालविभागाचं कपाट आम्ही सगळ्यात शेवटी उघडलं. कुंदाताईंनी पुस्तक शोधलं नाही. खालच्या फळीवर सरळ हात घातला आणि काढलं. आकाशातल्या ताऱ्यांची मुलांना ओळख करून देणारं पातळ पुस्तक, पुठ्ठा केव्हाच गेलेला. त्यांनी स्वतः ते नाकाशी नेलं नाही. माझ्यापुढं ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसल्या.

“सावकाश,” म्हणाल्या.

बाहेरून धूळ. मधल्या पानांत नुसता जुना कागद. मी मान हलवायच्या बेतात होतो.

“शिवणीत बघ ना.”

शिवणीत काहीतरी होतं. फार पुसट, गोडसर आणि घशाला लागणारं. मी परत घेतलं. परत घेतलं.

“वाळलेलं पान आहे, ताई. पान आणि... तसंच काहीसं.”

“तसंच काहीसं म्हणजे?”

मला कळलं होतं, पण त्यांच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना.

“बिडी म्हण,” त्या म्हणाल्या. “लाजतो काहून? येऊन राहिला का बिडीचा वास?”

“येतो आहे.”

“खरं?”

“खरं, ताई.”

त्यांनी एक मोठा श्वास घेतला, जसं काही त्यांनाही तो येईल. मग सांगितलं. त्यांची आई घरी बिड्या वळायची. जबलपुरात तेव्हा आमच्या लोकांतल्या कितीतरी घरी बायका वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. लहानगी कुंदा शाळेतून यायची, आपल्या या वाचनालयातून आणलेलं पुस्तक सुपाच्या कडेला टेकवायची आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. आईला वाचता येत नव्हतं. पुस्तक परत करायला गेली तर तेव्हाच्या ग्रंथपालांनी ते दोन बोटांत धरलं, लांब केलं आणि चारचौघांत सांगितलं, पुस्तकाला घरचा वास लागू देत जाऊ नका, चांगल्या घरची मुलंही वाचतात.

“मी घरी येऊन सांगून दिलं. पोरच होती मी. दुसऱ्या दिवसापासून आई सूप घेऊन अंगणाच्या पार त्या टोकाला बसायला लागली. मी घरात बसून वाचायची. तिला तिथं ऐकू जात नव्हतं.” त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. “त्याच्यानंतर मी इथली किती पुस्तकं वाचली असतील. सगळी साफ. एकात आई नाही.”

मी म्हणालो, “ताई, हे घरी घेऊन जा. मी बघतो.”

“घरी नेऊन काय करू? माझ्याकडं नाक आहे का? हे इथंच राहू दे. इथंच त्याला लांब धरलं होतं, इथंच राहू दे.” मग त्यांनी एका बोटानं टाइप केलं: ‘वास: बिडीचा.’

टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. मी देशकर साहेबांकडं गेलो आणि म्हटलं, हे एक पुस्तक जाणार नाही.

“काहून? स्कॅन नाही झालं?”

“झालं.”

“मग?”

“प्रत मुळासारखीच असते असं मी तुम्हाला सांगितलं होतं. नसते.”

माझ्या तोंडून इतकं लांब वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. “चलो,” साहेब म्हणाले, “एका पुस्तकानं पंगत थोडीच अडते.”

टेम्पो भरून गेल्यावर खोली एवढी मोठी होती हे मला पहिल्यांदा कळलं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि ते पुस्तक. कुंदाताईंचं काम संपलं होतं, तरी त्या आल्या होत्या. डबा खाल्ला, हात धुतले.

“भैया, वाच थोडं.”

मी पुस्तक उघडलं. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि खोलीच्या पार त्या टोकाला, दारापाशी नेऊन ठेवली.

“इथंवर ऐकू येते का बघते. मोठ्यानं वाच.”

मला मोठ्यानं वाचायची सवय नाही. पहिलं वाक्य मी पुटपुटलो. त्यांनी दारातून हातानं खूण केली, आणखी. मी आवाज चढवला. ध्रुवतारा कसा ओळखायचा ते वाचलं, सप्तर्षींचं वाचलं. पान उलटताना मी त्यांच्याकडं पाहिलं. डोळे मिटलेले होते. मांडीवर हात होते, आणि बोटं चालू होती: डाव्या चिमटीत काहीतरी धरायची, उजव्या हातानं वळायची, टोक दुमडायची, दोरा गुंडाळायची, बाजूला ठेवायची, आणि पुढचं पान उचलायची. मी वाचत राहिलो.